सस्कॅचवानचा कौल

1944 च्या जूनमध्ये साऱ्या जगाचे डोळे नॉर्मंडीच्या किनाऱ्याकडे लागले होते. दोस्तांच्या फौजा फ्रान्समध्ये उतरून जेमतेम नऊ दिवस झाले होते. त्या धामधुमीत, 15 जूनला, कॅनडाच्या गहू पिकवणाऱ्या सस्कॅचवान प्रांताने विधानसभेसाठी मतदान केलं. 52 पैकी 47 जागा को-ऑपरेटिव्ह कॉमनवेल्थ फेडरेशन, म्हणजे सीसीएफ या पक्षाने जिंकल्या. सहा वर्षांपूर्वी याच पक्षाकडे फक्त 10 जागा होत्या. सत्ताधारी लिबरल 38 वरून 5 वर आले आणि उत्तर अमेरिकेतलं पहिलं समाजवादी सरकार सत्तेवर आलं.

हा कौल एका रात्रीत तयार झाला नव्हता. 1929 च्या मंदीने गव्हाचा भाव पाडला आणि पाठोपाठ दुष्काळ आला. 1937 साली एकरी पाऊण क्विंटलही गहू हाती लागला नाही. पेट्रोलला पैसे नाहीत म्हणून शेतकऱ्यांनी मोटारींची इंजिनं काढून टाकली आणि त्यांना घोडे जुंपले. मंदीच्या काळातले पंतप्रधान आर. बी. बेनेट यांच्या नावावरून लोक या गाड्यांना ‘बेनेट बग्गी’ म्हणत. गहू एकत्र विकण्यासाठी शेतकऱ्यांनी 1920 च्या दशकातच सहकारी संघ उभा केला होता. त्यामुळे एकत्र येऊन मार्ग काढायची सवय गावोगावी होती. सीसीएफचं राजकारण याच जमिनीत रुजलं.

पक्षाचे नेते टॉमी डग्लस हे वेबर्न गावचे बाप्टिस्ट धर्मगुरू. स्कॉटलंडमध्ये जन्मलेले टॉमी लहानपणी विनिपेगला असताना त्यांच्या पायाच्या हाडाचा जुना संसर्ग बळावला आणि पाय कापण्याची वेळ आली. घरात पैसा नव्हता. एका शल्यविशारदाने विद्यार्थ्यांना शस्त्रक्रिया पाहू देण्याच्या अटीवर फुकट उपचार केले आणि पाय वाचवला. एखाद्या मुलाचा पाय डॉक्टरच्या दयेवर अवलंबून असू नये, हे डग्लस पुढे आयुष्यभर सांगत राहिले.

निकालाचे आकडे जरा बारकाईने पाहण्यासारखे आहेत. सीसीएफला सुमारे 53 टक्के मतं पडली, पण जागा मिळाल्या 90 टक्के. लिबरलांना 35 टक्के मतांवर पाचच जागा मिळाल्या, तर सुमारे 11 टक्के मतं घेणाऱ्या प्रोग्रेसिव्ह कॉन्झर्व्हेटिव्हांच्या पदरी एकही पडली नाही. ज्याला सर्वाधिक मतं तो विजयी, ही पद्धत आपल्या ओळखीचीच आहे. ती विजय फुगवते तसा पराभवही. डग्लस सरकारचं मोठेपण असं की फुगलेल्या बहुमताच्या भरात त्यांनी सगळं एकदम करायला घेतलं नाही.

डग्लस यांनी आरोग्य खातं स्वतःकडे ठेवलं. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातले प्राध्यापक हेन्री सिगेरिस्ट यांना बोलावून त्यांच्याकडून प्रांताच्या आरोग्यसेवेची पाहणी करून घेतली. 1945 च्या आरंभी निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या वृद्धांना मोफत उपचार सुरू झाले. 1 जानेवारी 1947 पासून रुग्णालयाचा विमा सर्वांना लागू झाला. वर्षाला माणशी 5 डॉलर आणि कुटुंबाला जास्तीत जास्त 30 डॉलर भरायचे. डॉक्टरच्या फीची योजना मात्र मागे ठेवली, कारण आधी तिजोरी सावरायची होती. अर्थमंत्री क्लॅरन्स फाइन्स वर्षामागून वर्ष शिलकी अंदाजपत्रक मांडत राहिले. त्याच काळात शेतांपर्यंत वीज पोचली आणि नागरी हक्कांचा कायदाही झाला.

अखेर 1 जुलै 1962 ला डॉक्टरांच्या सेवेची सार्वजनिक योजना लागू झाली. तोवर डग्लस राष्ट्रीय राजकारणात गेले होते आणि मुख्यमंत्री होते वुड्रो लॉइड. योजना सुरू झाली त्याच दिवशी प्रांतातल्या बहुसंख्य डॉक्टरांनी संप पुकारला. सरकारने ब्रिटनमधून डॉक्टर आणले. 23 दिवसांनी सास्काटूनमध्ये समझोता झाला: डॉक्टरांचा स्वतंत्र व्यवसाय कायम राहिला आणि योजनाही टिकली. या लढ्याची किंमत पक्षाला मोजावी लागली. संपाच्या आधीच, जूनमध्ये, खुद्द डग्लस संघीय निवडणुकीत रेजायना मतदारसंघात हरले होते. 1964 मध्ये प्रांतातली सत्ताही गेली.

लिबरल नेते रॉस थॅचर मुख्यमंत्री झाले. पुढे त्यांनी रुग्णांवर काही शुल्क लावलं, पण योजना मोडली नाही. त्याच 1964 साली न्यायमूर्ती एमेट हॉल यांच्या आयोगाने अशी योजना देशभर राबवण्याची शिफारस केली आणि 1966 मध्ये कॅनडाच्या संसदेने तसा कायदा केला. आज टोरांटोत किंवा व्हँकूव्हरमध्ये स्थायिक झालेलं मराठी कुटुंब आरोग्य कार्ड दाखवून डॉक्टरकडे जातं, त्याचं मूळ या गव्हाच्या प्रांतात आहे.

निवडणुकीच्या रात्री आपण जागा मोजतो, ते स्वाभाविकच आहे. पण या निकालाचा खरा हिशेब लागायला वीस वर्षं गेली. आधी तिजोरी, मग रुग्णालय, मग डॉक्टर, अशा क्रमाने वचन पाळलं गेलं आणि लोकांना ते इतकं आपलं वाटलं की विरोधकांनाही ते पुढे चालवावं लागलं. आपल्याकडे कुणी मोठी वचनं घेऊन मत मागायला आलं, तर पैसा कुठून आणणार आणि आधी काय करणार, हे दोन प्रश्न आपणही विचारायला हवेत. सस्कॅचवानला या दोन्ही प्रश्नांची उत्तरं मिळाली होती.