वेड्यांच्या इस्पितळापासून तालुक्याच्या दवाखान्यापर्यंत

खानदेशात वेड्यांचे इस्पितळ कधी नव्हते. इंग्रजी अमदानीत आजच्या महाराष्ट्रात जी उभी राहिली ती नागपूर, रत्नागिरी, ठाणे आणि येरवडा येथे. जळगावहून ठाणे गाठा की येरवडा, प्रवास चारशे किलोमीटरांच्या आसपासचा. त्यामुळे आमच्याकडे ‘त्याला ठाण्याला टाकला’ या शब्दांना एक वेगळाच अर्थ आला. माणूस गावातून गेला, आता तो बहुधा परतायचा नाही, असा तो अर्थ. यातले ‘टाकला’ हे क्रियापद लक्षात घेण्यासारखे आहे. आजाऱ्याला आपण दवाखान्यात नेतो. टाकतो ते तुरुंगात.

हा केवळ लोकांच्या अडाणीपणाचा दोष नव्हे. कायद्यानेच तशी घडी बसवून दिली होती. १८५८ साली वेड्यांच्या आश्रयगृहांचा कायदा झाला आणि त्यानंतर १९१२ चा ‘इंडियन ल्युनसी ॲक्ट’ आला. नातेवाइकांनी मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करावयाचा, डॉक्टरांचे दाखले जोडावयाचे, मग मॅजिस्ट्रेटच्या हुकमाने माणूस आत जावयाचा. रस्त्यावर भटकणारा असेल तर पोलिसाने त्याला धरून कोर्टापुढे उभा करावयाचा. आपण होऊन दाखल होण्याची एक सोय त्या कायद्यात होती. पण कोर्टकचेरीतून जाणाऱ्या वाटेवर आपण होऊन कोण पाऊल टाकणार? १९२० च्या सुमारास ‘असायलम’ हा शब्द जाऊन ‘मेंटल हॉस्पिटल’ असे नाव झाले. पाटी बदलली, भिंत राहिली.

आणि हा १९१२ चा कायदा किती काळ चालला? पुढचा मानसिक आरोग्य कायदा संमत झाला १९८७ साली, आणि अमलात आला १ एप्रिल १९९३ रोजी. म्हणजे स्वातंत्र्यानंतर पंचेचाळीस वर्षे आपण साहेबाच्याच कायद्याने आपल्या आजारी माणसांना कोंडत होतो. त्याच १९९३ साली, मुंबईच्या पत्रकार शीला बर्से यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की कोणताही गुन्हा नसलेल्या मनोरुग्णांना तुरुंगात ठेवणे बेकायदेशीर आहे. हे न्यायालयाला सांगावे लागले, यावरूनच काय ते समजावे.

रुग्ण शेवटी कोणाच्या हाती लागतो, हा आमच्या मते या सबंध इतिहासातला मुख्य प्रश्न आहे. पोलिसाच्या, डॉक्टरच्या, भगताच्या, की घरच्या माणसांच्या?

१९४६ साली भोर समितीने देशाच्या आरोग्याचा अहवाल दिला. त्यात मनोरुग्णांच्या खाटांचा हिशेब आहे. इंग्लंडात सुमारे तीनशे माणसांमागे एक खाट, आणि हिंदुस्थानात सुमारे चाळीस हजारांमागे एक. हे अंतर इमारती बांधून भरून निघणारे नव्हते. पैसा नव्हता, तज्ज्ञ तर त्याहून नव्हते. गरज माणसाला शहाणपण शिकवते म्हणतात, त्याचे उदाहरण अमृतसरला घडले. १९५० नंतरच्या दशकात तेथील मनोरुग्णालयाचे प्रमुख डॉ. विद्यासागर यांनी रुग्णांच्या नातेवाइकांना आवारात तंबू ठोकून राहू दिले. आई, भाऊ, बायको रुग्णाजवळ राहत, त्याचे खाणेपिणे पाहत आणि आजार म्हणजे काय ते शिकून घेत. रुग्ण लवकर सुधारू लागले, आणि घरी गेल्यावर त्यांना समजून घेणारे माणूस घरातच तयार झालेले असे. परदेशांत रुग्णाला घरापासून दूर ठेवण्याचा प्रघात होता, तेव्हाची ही गोष्ट. आम्हांला या सगळ्या इतिहासात हे तंबू सर्वांत मोलाचे वाटतात.

त्याच सुमारास औषधेही आली. १९५२ साली फ्रान्समध्ये क्लोरप्रोमाझिन हे औषध मनोरुग्णांना प्रथम देण्यात आले, आणि ज्यांना साखळीवाचून आवरता येत नसे अशी माणसे शांतपणे बोलू लागली. गोळीने आजार हटू शकतो म्हटल्यावर इस्पितळाच्या भिंतीचे निम्मे कारणच संपले. गोळी घरीही घेता येते. प्रश्न उरला तो ती गोळी खेड्यापर्यंत नेण्याचा.

तो प्रयोग १९७५ च्या सुमारास दोन ठिकाणी झाला. चंदीगडच्या डॉक्टरांनी हरियाणातील रायपूर रानी येथे आणि बंगळूरच्या डॉक्टरांनी सकलवाडा येथे. साध्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरला थोडक्या दिवसांचे शिक्षण आणि मोजकी औषधे दिली, तर बरेचसे रुग्ण तो तेथेच सांभाळू शकतो, असे दिसून आले. त्यावर १९८२ साली राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम आखला गेला, बळ्ळारी जिल्ह्यात तो करून पाहिला, आणि १९९६ पासून जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम म्हणून तो देशात हळूहळू पसरला. जिल्हा रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ बसू लागला तो या वाटेने. धुळ्यात भाऊसाहेब हिरे वैद्यकीय महाविद्यालय होतेच. जळगावला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०१८ साली सुरू झाले. चारशे किलोमीटरांची वाट एस.टी.च्या एका तिकिटावर आली.

मग लोक येतात का? थोडे येतात. २०१५-१६ साली बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने बारा राज्यांत पाहणी केली. त्यात महाराष्ट्र नव्हता, पण आपण वेगळे असू असे मानण्याचे कारण नाही. प्रौढांपैकी दर शंभरात दहाहून अधिक माणसांना काही ना काही मानसिक आजार आढळला, आणि निरनिराळ्या आजारांत उपचाराबाहेर राहिलेल्यांचे प्रमाण शेकडा ७० ते ९२ इतके निघाले.

ते बाहेर का राहतात, हे आम्ही पुस्तकात वाचले नाही, पाहिले आहे. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी चटईच्या एका कारखान्यातला आमच्या युनियनचा सभासद कामावर येईनासा झाला. रात्रपाळीत मशीन आपल्याशी बोलते, असे तो म्हणे. आम्ही समजलो, दारू. त्याच्या पत्नीने आम्हांला सांगितले, “भाऊ, त्याले काहीतरी लागेल शे.” आणि ती त्याला घेऊन बुलढाण्याकडे सैलानीला गेली. आम्ही तिला अडवले नाही आणि दवाखान्याची वाटही दाखवली नाही. भगत, देवस्थान यांना नावे ठेवणे सोपे आहे. निदान तेथे त्या बाईला कोणी हाकलून दिले नाही. तिकडे गैरहजेरीबद्दल मालकाने त्याचे नाव कमी केले.

पुढे आम्ही कागद चाळले तेव्हा कळले. राज्य कामगार विम्यात दीर्घ मुदतीच्या आजारांची एक यादी आहे. तीत क्षयाबरोबर, कर्करोगाबरोबर स्किझोफ्रेनियासारखे मानसिक आजारही आहेत. पात्र कामगाराला साधा आजारभत्ता संपल्यावर दोन वर्षांपर्यंत मजुरीच्या शेकडा ८० भत्ता मिळतो. आजारभत्ता घेत असलेल्या कामगाराला कामावरून काढण्यास १९४८ च्या कायद्यात मनाईही होती. हवे होते फक्त डॉक्टरचे सर्टिफिकेट, वेळेवर. वीस वर्षे कामगारांचे कायदे सांगत फिरणाऱ्या आम्हांला यादीतली ही ओळ माहीत नव्हती.

बांधून ठेवण्याने काय होते ते देशाने ६ ऑगस्ट २००१ रोजी पाहिले. तमिळनाडूतील एरवाडी येथे एका खाजगी आश्रयस्थानाला आग लागली आणि साखळ्यांनी बांधलेले २८ मनोरुग्ण जळून मेले. पुढे २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा आला, तो २९ मे २०१८ पासून लागू आहे. त्याने मनोरुग्णाला साखळीने बांधण्यास मनाई केली. सरकारी खर्चाने चालणाऱ्या सेवेतून उपचार मिळणे हा हक्क ठरवला. पुढे आजारी पडल्यास आपल्यावर कसे उपचार व्हावेत, कसे होऊ नयेत आणि आपल्या वतीने कोणी बोलावे, हे शुद्धीत असताना लिहून ठेवण्याची सोय केली. विमा कंपन्यांना शरीराच्या आजाराप्रमाणेच मनाच्या आजाराचाही विमा देणे भाग पाडले. भुसावळसारख्या जंक्शनवर गाडीतून उतरून भरकटणारे लोक आपण नेहमी पाहतो. अशा माणसाला पोलिसांनी कोठडीत ठेवायचे नाही, चोवीस तासांच्या आत जवळच्या सरकारी दवाखान्यात न्यायचे, असे हा कायदा सांगतो. अशांना बरे करून त्यांच्या घरी पोचवण्याचे काम कर्जतच्या श्रद्धा पुनर्वसन केंद्रातून डॉ. भरत वाटवानी करीत आले. त्यांना २०१८ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्यावर खटला भरण्याचे जुने कलम ३०९ तर १ जुलै २०२४ पासून नव्या न्याय संहितेत राहिलेच नाही. कर्जापायी विषाची बाटली जवळ करणाऱ्या कापूस-शेतकऱ्याच्या घरी हे सांगितले पाहिजे. पोलीसकेसच्या भीतीने दवाखाना टाळणारी घरे अजून आहेत.

१० ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेलिमानस’ ही फुकट दूरध्वनी सेवाही आहे. क्रमांक १४४१६, आणि मराठीत बोलता येते. आमच्या युनियनच्या फळ्यावर तो खडूने लिहिलेला असतो. पावसाळ्यात पुसला जातो, पुन्हा लिहितो.

तो सभासद पुढे दोन वर्षांनी सिव्हिलच्या मानसोपचार विभागात पोचला, तोही शेजारच्या आशाताईंमुळे. आज तो दुसऱ्या एका लहान कारखान्यात दिवसपाळी करतो. दर महिन्याला गोळ्या आणायला त्याची एक पाळी बुडते. ती पगारी धरायची की बिनपगारी, यावर मालकांशी आमचे बोलणे अजून चालू आहे.