चवेणी : उन्हाळ्यात पाणी न मागणारी केळ

रावेर, यावल, चोपडा या पट्ट्यात केळीच्या बागेत रोजाने जाणाऱ्या आपल्या भगिनींना केळीचे पान म्हणजे काय, हे आम्ही सांगायला नको. पील कापणे, वाळलेली पाने उतरवणे, घड वाहणे यात त्यांची हयात गेली. २०१६ साली जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन मिळाले, त्यात या हातांचा वाटा मोठा आहे. असे असूनही मोठ्या पानाचे एखादे शोभेचे झाड आपल्या दारात असावे अशी हौस झाली, की लोक मॉन्स्टेरासारखी परदेशी रोपे महाग भावाने आणतात. त्या रोपांना दमट हवा लागते. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो, हवा कोरडी ठणठणीत. पानांच्या कडा करपतात आणि पैसे वाया जातात.

त्यापेक्षा आपल्याच सह्याद्रीतली चवेणी लावून पाहावी असे आम्ही सुचवतो. हिला रानकेळ म्हणतात, काही भागात कवदर असेही नाव आहे. केळीच्याच कुळातली ही वनस्पती कड्याकपारीत, खडकाच्या फटीत उगवते. पान माणसाच्या उंचीएवढे, कधी त्याहूनही लांब होते. खोड बुडाशी रांजणासारखे फुगलेले असते. इथिओपियात हिची एक जवळची बहीण आहे. तिथे लाखो कुटुंबे तिच्या खोडाचा आणि कंदाचा गर आंबवून त्याची भाकरी खातात. आपल्याकडची चवेणी मात्र पोट भरण्यासाठी नाही. तिच्या फळात गर नावापुरता, बाकी काळ्या टणक बियाच बिया.

आता मुख्य गोष्ट. केळीची सवय चवेणीला चालत नाही. केळीला बारमाही पाणी लागते, ठिबक एक आठवडा बंद पडले तरी बाग माना टाकते. चवेणी पावसाळ्यात झपाट्याने वाढते आणि पाऊस सरला की पाने पिवळी पाडून झोपी जाते. दिवाळीच्या पुढेमागे पाने गळू लागली, म्हणजे झाड मेले असे समजून घागरीवर घागर ओतणारे बरेच असतात. तसे केले तर बूड सडते. खोडात आणि कंदात साठवलेल्या ओलाव्यावर ती सगळा उन्हाळा काढते. ज्या वस्तीत नळाला चार-सहा दिवसांआड पाणी येते, टँकरपुढे हंडे लावावे लागतात, तिथे हा गुण लहान नाही. पिण्याच्या पाण्यातून तिचा वाटा काढावा लागत नाही.

लावण्याची रीत अशी. बी टणक असते, ते दोन दिवस कोमट पाण्यात भिजत घालावे, पाणी रोज बदलावे. कवच कानशीने किंचित घासले तर आणखी बरे. मग उन्हाळ्याच्या अखेरीस ओलसर वाळू आणि शेणखत यांच्या मिश्रणात बोटाच्या पेराएवढ्या खोलीवर टाकावे. एक बी महिन्यात उगवते, दुसरे चार महिने घेते, एखादे उगवतच नाही. म्हणून निदान पाच-सहा टाकावीत आणि कुंडी लवकर उपटून टाकू नये.

माती फार महत्त्वाची. आपली काळी माती कपाशीला चांगली, पण डब्यात भरली की पाणी धरून बसते. तिच्यात निम्मा मुरूम, थोडा विटांचा चुरा आणि कुजलेले शेणखत मिसळावे. तेलाचा रिकामा डबा किंवा फुटके पिंप चालते, मात्र बुडाला चांगली मोठी भोके हवीत. जमिनीत जागा असेल तर उंचवटा पाहून लावावे, सांडपाण्याच्या गटाराजवळ नको. डब्यात पाने लहान राहतात, हे आधीच लक्षात असू द्यावे.

वाऱ्याने पान शिरेशिरेला फाटते. तो रोग नव्हे, केळीचेही तसेच होते. बागाईतदार वाऱ्याला आडोसा म्हणून शेवरी लावतात, आपण भिंतीचा कोपरा निवडावा. सकाळचे ऊन मिळावे, दुपारचे टळले तर उत्तम. पावसाळ्यात महिन्यातून एकदा ओंजळभर शेणखत पुरे. पाने गळाल्यावर डबा छपराखाली सरकवून ठेवावा, म्हणजे अवकाळी पावसाने बूड भिजत नाही. मृगाच्या आसपास मधून नवी सुरळी निघाली की पुन्हा पाणी सुरू करावे.

आणखी एक मोठा फरक आहे. केळ निसवली, घड उतरवला की शेजारी पील तयार असतेच. चवेणी पील सोडत नाही. काही वर्षे वाढते, आयुष्यात एकदाच फुलते, तपकिरी-लालसर कमळ खाली लोंबते, फळे धरतात आणि झाड मरते. म्हणजे बी हाच तिचा एकमेव वंश. म्हणूनच रानातून अख्खे झाड उपटून आणणे, किंवा फळे पिकण्याआधीच घड तोडणे, याला आमचा सक्त विरोध आहे. मुतखड्यावर औषध म्हणून तिच्या बिया विकल्या जातात, त्यापायीही कडे रिकामे होतात. दुखणे असेल तर डॉक्टरांकडे जावे, बियांची पूड चाटत बसू नये. बी कोकणातल्या ओळखीच्या माणसाच्या परसातल्या झाडाचे किंवा रोपवाटिकेतले घ्यावे. जंगलातून काही आणायचे तर वनखात्याची परवानगी लागते.

घरचे झाड फुलले आणि फळ धरले तर ते पिवळे पडून मऊ होईपर्यंत थांबावे. बिया धुऊन सावलीत वाळवाव्यात, थोड्या आपल्यासाठी ठेवाव्यात आणि बाकीच्या गल्लीत वाटाव्यात. जुन्या बियांची उगवण कमी होत जाते, तेव्हा पुढच्या पावसाळ्याआधीच त्या पेरलेल्या बऱ्या.