थीम पार्क नेमकं डिझाइन कसं होतं? आणि नाशिकमध्ये एखादं व्हायचंच असेल, तर ते कुठं व्हावं?

पांडवलेणीला गेलात की आपण काय करतो? पायऱ्या चढून दम लागतो, मग वर जाऊन फोटो काढतो आणि खाली येऊन वडापाव खातो. पुढच्या वेळी एक काम करा. तीन नंबरच्या लेण्यासमोर उभे राहा आणि ओट्याच्या खालच्या बाजूला बघा.

तिथं जमिनीतून अर्धे वर आलेले सहा धिप्पाड बुटके दिसतील. त्यांनी खांद्यावर लाकडी तुळया पेलल्यात आणि त्या तुळयांवर अख्खं लेणं उभंय.

आता गंमत बघा. हे लेणं डोंगर पोखरून केलंय. खांब, छत, भिंती, सगळं एकाच कातळाचं आहे. तिथं लाकूड नाही, तुळया नाहीत आणि कुणी काही पेलायची गरजही नाही. सातवाहनांच्या काळात, गौतमीपुत्र सातकर्णीची आई गौतमी बलश्री हिनं भिक्खूंना दान दिलेल्या या विहारात कारागिरांनी दगडात लाकडाचं घर दाखवलं. त्या वेळच्या माणसाला लाकडी घरांची सवय होती. त्याला ही जागा ओळखीची वाटावी, म्हणून इतका खटाटोप.

ते भिक्खूंच्या राहण्याचं ठिकाण होतं, करमणुकीचं नव्हे. पण एका वस्तूतून दुसरी वस्तू दाखवायची आणि बघणाऱ्याच्या मनात एक जग उभं करायचं, या युक्तीवर आज जगभरातली थीम पार्क चालतात.

पण हा विषय आत्ता का?

कारण २०२७ ला नाशिकमध्ये सिंहस्थ कुंभमेळा आहे. त्याच्या तोंडावर पंचवटीत रामकुंड, काळाराम मंदिर, सीतागुंफा या भागासाठी 'रामकाल पथ' नावाचा प्रकल्प आलाय. २०२४ मध्ये केंद्राच्या योजनेतून त्याला सुमारे ९९ कोटी रुपये मंजूर झाले. दुसऱ्या बाजूला पांडवलेणीच्या पायथ्याशी असलेल्या दादासाहेब फाळके स्मारकाच्या दुरवस्थेच्या आणि ते नव्यानं उभं करायच्या बातम्या नाशिककर वर्षानुवर्षं वाचतायत.

म्हणजे 'थीम' हा शब्द आता आपल्या गावात, आपल्या पैशांवर येतोय. मग तो नीट समजून घेतलेला बरा.

अम्युझमेंट पार्क आणि थीम पार्क यात फरक काय?

साधा फरक आहे. १९८९ ला गोराईत एस्सेलवर्ल्ड सुरू झालं. तिथं लोक पाळण्यांसाठी जायचे. पाळणा उचलून दुसरीकडं ठेवला तरी मजा तेवढीच. हे झालं अम्युझमेंट पार्क.

२०१३ ला खोपोलीजवळ इमॅजिका आलं. तिथली 'राजासॉरस' ही राइड घ्या. राजासॉरस हा नर्मदेच्या खोऱ्यात ज्याचे अवशेष सापडले असा खराखुरा भारतीय डायनासोर. तिथं तुम्ही नुसते पाण्यातून खाली येत नाही, तर त्याच्या तावडीतून सुटून येता. इथं गोष्ट आधी आणि पाळणा नंतर. हे झालं थीम पार्क.

या प्रकाराचा मोठा नमुना म्हणजे डिस्नेलँड. १७ जुलै १९५५ ला कॅलिफोर्नियात ते सुरू झालं. त्याचं डिझाइन करताना वॉल्ट डिस्नेनं नुसत्या इमारती बांधणाऱ्यांवर भिस्त ठेवली नाही. त्यानं सिनेमाचे सेट उभे करणारे कला दिग्दर्शक आणि ॲनिमेशनमधली माणसं कामाला लावली. सेट लावणाऱ्याला एक गोष्ट पक्की ठाऊक असते: कॅमेऱ्याला काय दिसायला हवं आणि काय दिसता कामा नये. थीम पार्कमध्ये कॅमेऱ्याच्या जागी तुमचे डोळे असतात, एवढाच फरक.

मग डोळ्यांना फसवतात कसं?

पहिली युक्ती, बांध. डिस्नेलँडच्या भोवती मातीचा उंच बांध घातलाय. शेताला घालतो तसाच, फक्त खूप उंच. आत गेलं की बाहेरचे रस्ते, गाड्या, होर्डिंग काहीच दिसत नाही. जे लपवता येत नाही, त्याला विशिष्ट करडा-हिरवा रंग देतात. त्या रंगावर नजर ठरत नाही, पुढं सरकते.

दुसरी युक्ती, आमिष. प्रत्येक रस्त्याच्या शेवटी काहीतरी उंच, ओढून नेणारं हवं. राजवाडा, डोंगर, मनोरा. वॉल्ट डिस्ने याला सॉसेजवरून 'वीनी' म्हणायचा. कुत्र्याला सॉसेज दाखवलं की तो आपोआप मागं येतो, तसं. अशा जागी बाणांच्या पाट्या कमी लागतात. लोक आपणहून योग्य दिशेला चालतात.

तिसरी युक्ती, खोटी उंची. डिस्नेलँडचा राजवाडा जेमतेम ७७ फूट आहे, पण वाटतो बराच मोठा. कारण खालचे दगड मोठे ठेवलेत आणि वर जाताना ते लहान लहान होत जातात. डोळा म्हणतो, 'वरचे दगड लहान दिसतात, म्हणजे ते फार लांब असणार.' हा प्रकार परदेशी वाटत असेल तर सिन्नरला जा. यादवकालीन गोंदेश्वराच्या शिखरावर छोट्या छोट्या शिखरांच्या रांगा आहेत आणि वर जाताना त्या लहान होत जातात. नजर आपोआप टोकाला पोचते आणि मंदिर आहे त्याहून उंच वाटतं.

चौथी युक्ती, रांग. त्र्यंबकेश्वरला श्रावणी सोमवारी दर्शनाला उभं राहिलेल्याला रांग म्हणजे काय हे सांगायला नको. चांगला डिझायनर रांगेलाच गोष्टीचा पहिला अंक करतो. डिस्नेलँडमधल्या 'हाँटेड मॅन्शन'मध्ये तुम्हाला एका खोलीत उभं करतात आणि खोलीच्या भिंती हळूहळू उंच व्हायला लागतात. लोक घाबरतात, ओरडतात. प्रत्यक्षात ती लिफ्ट आहे. ती सगळ्यांना जमिनीखाली नेते, कारण खरी राइड बांधापलीकडच्या इमारतीत आहे आणि मधून पार्कातली रेल्वे जाते. अडचण होती जागेची, तिचाच त्यांनी खेळ केला.

दगड खोटा, तरी खरा कसा वाटतो?

थीम पार्कमधले बरेच कडे आणि डोंगर पोकळ असतात. आत लोखंडी सांगाडा, त्यावर जाळी आणि जाळीवर सिमेंटचा थर. सिमेंट ओलं असतानाच कारागीर त्यात भेगा, कपारी, थर कोरतात. वाळलं की रंगकाम सुरू होतं. आधी गडद रंग, मग उंचवट्यांवर फिकट हात आणि शेवटी सगळ्यात महत्त्वाचं काम, ते म्हणजे जुनं करणं. खिडकीखाली पावसाच्या पाण्याचे ओघळ, जोत्याला शेवाळाची छटा, हात लागून गुळगुळीत झालेला कठडा.

नवी कोरी भिंत कधीच गोष्ट सांगत नाही. भिंतीवर काहीतरी घडून गेलंय असं दिसलं, तरच विश्वास बसतो.

आणि तपशील फक्त भिंतीवर थांबत नाही. ओरलँडोत २०१० मध्ये हॅरी पॉटरचं गाव उघडलं. फ्लोरिडाच्या उकाड्यात तिथल्या छपरांवर कायम बर्फ असतो. सिनेमांचे कला दिग्दर्शक स्टुअर्ट क्रेग हे त्या कामातही होते. तिथं लोक रांग लावून पितात काय, तर कादंबरीतली बटरबीअर. खाणंसुद्धा गोष्टीतलंच.

आपल्याला हे जमतं का?

जमतं की! दरवर्षी दहा दिवस जमतं. गणपतीचा देखावा म्हणजे दुसरं काय? गल्लीत आठवड्याभरात राजवाडा, लेणी, केदारनाथ उभं राहतं. थर्माकोल, प्लायवूड, कापड आणि रंग यातून. नितीन देसाईंसारखे कला दिग्दर्शक हिंदी सिनेमाचे भव्य सेटही लावायचे आणि लालबागच्या राजाचा दरबारही. कोल्हापूरजवळ कणेरी मठावर अख्खं बारा बलुतेदारांचं गाव शिल्पांमधून उभंय. पुण्यात आंबेगावला शिवसृष्टीचा पहिला टप्पा २०२३ ला खुला झाला. शिर्डीत साईतीर्थ हे भक्तीचं थीम पार्क आहे. कौशल्याची टंचाई महाराष्ट्रात कधीच नव्हती.

आपली गोची दुसरीकडं आहे. देखाव्याला अकराव्या दिवशी टिकायचं नसतं, थीम पार्कला अकराव्या वर्षीही टिकायचं असतं. एक बंद कारंजं, एक उडालेला रंग, मूर्तीचं एक तुटलेलं बोट, आणि बघणाऱ्याला कळतं की हे सगळं खोटंय. पाळणा बंद असला तर लोक चिडतात. गोष्ट तुटली तर लोक परत येतच नाहीत. म्हणून चांगल्या पार्कात रोज रात्री, सगळे गेल्यावर, रंगारी आणि दुरुस्तीवाले कामाला लागतात. तो खर्च उद्घाटनाच्या बातमीत कधी येत नाही.

नाशिकमध्ये थीम लँड करायचंच तर कशाचं?

मला विचाराल तर फाळक्यांचं. आणि ते पायथ्याच्या त्याच जागेवर. मी शाळेत असताना सहलीला तिथंच गेले होते. मला आठवतं ते कारंजं. फाळके कोण, हे मात्र मला तिथून बाहेर पडल्यावर पुस्तकात कळलं. खरंतर उलटं व्हायला हवं होतं.

दादासाहेबांचा जन्म ३० एप्रिल १८७० ला त्र्यंबकेश्वरला झाला आणि १६ फेब्रुवारी १९४४ ला ते गेले नाशिकमध्येच. १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'नंतर त्यांनी मुक्काम नाशिकला हलवला आणि 'मोहिनी भस्मासुर'पासून 'कालियामर्दन'पर्यंतचं काम इथून केलं. हा माणूस फोटोग्राफर होता, छपाईतला जाणकार होता आणि जादूचे प्रयोगही करायचा. डोळ्यांना फसवण्याचा भारतातला पहिला मोठा उस्ताद नाशिकचा होता!

वर सांगितलेल्या युक्त्या इथं लावून बघा.

प्रवेश एका अंधाऱ्या बोगद्यातून. भिंतीवर वाटाण्याचं एक रोप, जे तुम्ही चालाल तसं वाढत जातं. कारण फाळक्यांनी राजा हरिश्चंद्रच्या आधी, लोकांना सिनेमा म्हणजे काय हे पटवायला, वाटाण्याच्या वेलाची वाढ रोज थोडी थोडी चित्रित केली होती.

बोगदा संपला की १९१३ चं नाशिक. लाकडी खांबांचे वाडे, दगडी जोती, तांबट आळीतला ठोक्यांचा आवाज. रस्त्याच्या शेवटी आमिष म्हणून फाळक्यांचा स्टुडिओ, त्या काळासारखा उन्हावर चालणारा. पांढऱ्या चादरी धरून ऊन कलाकारांच्या तोंडावर वळवायचं काम तिथं पाहुण्यांनीच करायचं. सरस्वतीबाई फाळके हे काम करायच्या. शिवाय फिल्म धुवायच्या, तिला भोकं पाडायच्या आणि सगळ्या युनिटचा स्वयंपाकही करायच्या. त्यांच्या नावाची पाटी दुसरीकडं कुठंतरी लावण्यापेक्षा त्यांचं काम करून बघितलेलं जास्त लक्षात राहील.

भूक लागली? खानावळीत बसा. 'राजा हरिश्चंद्र'मध्ये तारामती झालेले अण्णा साळुंके फाळक्यांना सापडले ते एका हॉटेलात, स्वयंपाकघरात काम करताना. बाई मिळत नव्हती म्हणून! खानावळीला याहून चांगली गोष्ट कुठली मिळणार?

आणि राइड 'कालियामर्दन'ची. पाण्यात कृष्ण आणि कालिया. शेवटच्या वळणावर मात्र पडदा बाजूला व्हायला हवा आणि दोऱ्या, चौकटी, रंगवलेलं कापड सगळं उघडं दिसायला हवं. कृष्ण म्हणजे फाळक्यांची छोटी मुलगी मंदाकिनी, हे तिथं कळायला हवं. इतर पार्क युक्ती लपवतात. फाळक्यांच्या पार्कमध्ये युक्ती हीच गोष्ट आहे.

मग पंचवटीत हेच का नको?

कारण पंचवटी आधीच खरी आहे.

गोदावरीला पूर आला की नाशिककर आकडे विचारत नाहीत. दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत पाणी आलं, हे विचारतात. गुडघ्याला, कमरेला, की डोक्यावरून? मारुतीची मूर्ती अख्ख्या शहराची पूरपट्टी झालीये. हे कुठल्याही डिझायनरला सुचणार नाही. नारोशंकराची घंटा, काळारामाचा काळा पाषाण, पायांनी झिजलेले घाटाचे दगड... थीम पार्कमध्ये जे 'जुनेपण' रंगवायला कारागिराला आठवडे लागतात, ते इथं शेकडो वर्षांत आपोआप आलंय.

थीम पार्कमध्ये खोटा दगड खरा वाटतो, कारण शेजारी खरा दगड नसतो. खऱ्या काळ्या पाषाणाशेजारी फायबरची कमान उभी केली की दोन गोष्टी होतात. कमान खोटी दिसते, आणि मागचं मंदिरही सेटसारखं वाटायला लागतं.

म्हणून नियम सोपा आहे. मोकळ्या जागेवर हवं ते उभं करा. खऱ्या जागेवर शक्यतो काही उभं करू नका, तिथलं काढा. लोंबकळणाऱ्या वायरी, होर्डिंग, पार्किंग, घाणीचे नाले. बांध घालून बाहेरचं लपवणं ही डिझाइनची युक्ती आहेच, पण मधे आलेलं हटवणं हीसुद्धा आहे. आणि जुने लाकडी वाडे पडण्याआधी सावरा. नाहीतर उद्या त्यांचीच नक्कल करायला टेंडर काढावं लागेल.

थोडक्यात काय, तर कुठल्याही नव्या प्रकल्पाचं चित्र व्हायरल झालं की तीन प्रश्न विचारायचे. इथं गोष्ट काय आहे? यातलं खरं किती झाकलं जातंय? आणि पाच वर्षांनी याला रंग कोण देणार?

नाशिकमध्ये थीम लँड करायला मिळालं तर तुम्ही कशाचं कराल? आणि गावातली कुठली जागा अजिबात बदलू देणार नाही? आम्हाला नक्की सांगा.