छप्पन्न रमजानांचा सबर

वारणा-मोरणेच्या या पट्ट्यात फौजेत एकही मुलगा नसलेली वाडी शोधावीच लागेल. शेजारच्या सातारा जिल्ह्यात तर अपशिंगे गावाला सगळे ‘अपशिंगे मिलिटरी’ म्हणूनच ओळखतात. त्यामुळे फौजीचे कौतुक आपल्याला नवे नाही. त्याच्यामागे घर सांभाळणाऱ्या बाईबद्दल मात्र आपण कमी बोलतो. रमजानला सबरचा, म्हणजे धीर धरण्याचा महिना म्हणतात. त्या निमित्ताने अशाच एका माउलीची आठवण सांगावीशी वाटते. ती आपल्या भागातली नाही, उत्तर प्रदेशातल्या गाझीपूर जिल्ह्यातली. तिचे नाव रसूलन बीबी. परमवीर चक्र विजेते अब्दुल हमीद यांची पत्नी.

हमीद धामूपूर गावचे. घराणे शिंपीकाम करणारे, पण त्यांना नाद कुस्तीचा. 1954 मध्ये ते सैन्यात भरती झाले. 10 सप्टेंबर 1965 रोजी पंजाबात खेमकरणजवळच्या चीमा गावाच्या शिवारात, जीपवरच्या तोफेने पाकिस्तानचे पॅटन रणगाडे निकामी करत असताना त्यांना वीरमरण आले. वय अवघे 32. मागे पत्नी, चार मुलगे आणि एक मुलगी.

इथपर्यंतची हकीकत शाळेतल्या मुलांनाही माहीत असते. रसूलन बीबींची हकीकत इथून पुढे सुरू होते.

पती गेल्यावर मुस्लिम स्त्री चार महिने दहा दिवस इद्दत पाळते. हा शोकाचा काळ ती घरात, साधेपणाने काढते. 10 सप्टेंबरपासून चंद्राच्या महिन्यांनी हिशेब केला, तर ही मुदत जानेवारी 1966 च्या मध्यावर, रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांत पुरी होते. त्याच रमजानात, 10 जानेवारीला ताश्कंदचा करार झाला आणि त्याच रात्री उशिरा लालबहादूर शास्त्रीजी गेले. पुढे ईद आली. लेकरांच्या वडिलांशिवायची ती पहिली ईद. ती होऊन दोन-तीन दिवस होतात न होतात, तोच 26 जानेवारीला दिल्लीत राष्ट्रपती डॉ. राधाकृष्णन यांच्या हातून रसूलन बीबींनी पतीचे परमवीर चक्र स्वीकारले.

त्या दिवशी टाळ्या वाजवणारा सारा देश होता. दुसऱ्या दिवसापासून मात्र पाच लेकरे आणि ती एकटी.

पुढे अब्दुल हमीद यांच्या नावाचे टपाल तिकीट निघाले, त्यांची शौर्यगाथा सर्वदूर पोहोचली. पण आठवण जपायची म्हणजे कोणीतरी पाठपुरावा करावा लागतो. ते काम या माउलीने म्हातारपणीही सोडले नाही. 2008 मध्ये त्या तेव्हाच्या राष्ट्रपती, आपल्या महाराष्ट्राच्या प्रतिभाताई पाटील यांना भेटल्या. पतीच्या घराचे स्मारक व्हावे, नातवंडांना नोकरी मिळावी, असे त्यांचे म्हणणे होते. सोबत आणखी एक मागणी होती : गावात सैन्यभरतीचे केंद्र हवे. ज्या फौजेत कुंकवाचा धनी गेला, त्याच फौजेत गावच्या पोरांनी जावे, असे या बाईला वाटत होते. एवढे मन कुठून येते, याचे उत्तर मला अजून सापडलेले नाही.

10 सप्टेंबर 2017 रोजी, हमीद यांच्या स्मृतिदिनी, लष्करप्रमुख जनरल बिपिन रावत स्वतः गाझीपूरला गेले. 2 ऑगस्ट 2019 रोजी रसूलन बीबींनी जगाचा निरोप घेतला. इंग्रजी महिन्यांनी मोजले तर एकटेपणाची जवळजवळ 54 वर्षे. चांद्र वर्ष लहान असते, म्हणून रमजान मोजले तर तब्बल 56. इतक्या सहेरी, इतके इफ्तार आणि इतक्या ईदा, सगळ्या त्या एका माणसाशिवाय.

रणांगणावरचे शौर्य एका सकाळीत दिसते. घरातले शौर्य दिसायला आयुष्य जावे लागते. रोजात आपण संध्याकाळच्या अजानपर्यंत धीर धरतो, कारण ती होणार हे आपल्याला ठाऊक असते. या बायकांच्या वाटेला आलेला धीर असा ठरल्या वेळी संपणारा नसतो.

अशा आज्या, अशा दादी आपल्याही गल्लीत आहेत. कोणाच्या भिंतीवर गणवेशातला फोटो आहे, कोणाच्या पेटीत जुनी पत्रे आहेत. पेन्शन चालू राहावी म्हणून त्यांना दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. त्या दिवशी त्यांना बँकेपर्यंत गाडीवरून नेणे हेही पुण्याचे काम आहे. यंदा ईदला शिरखुर्म्याची वाटी घेऊन जाल तेव्हा, किंवा दिवाळीला फराळाचे ताट घेऊन जाल तेव्हा, दारातून परत फिरू नका. आत बसा. फोटोतल्या माणसाबद्दल तर विचाराच, पण आधी विचारा, ‘‘तुम्ही दिवस कसे काढलेत?’’ हा प्रश्न त्यांना आजवर फार थोड्यांनी विचारला असेल.