मोठ्या कंपनीतली दुखणी: अटळ किती, लादलेली किती?

पूर्वी पुण्यात लग्नाच्या बैठकीत "मुलगा टेल्कोत आहे" असं सांगितलं की पुढचे चार प्रश्न गळून पडत. आज टेल्कोच्या (आताच्या टाटा मोटर्सच्या) जागी हिंजवडीतल्या एखाद्या आयटी कंपनीचं नाव येतं, आणि ते ऐकून समाधानाने मान डोलावणारी मंडळी आजही भेटतात. पण त्याच मुलाला किंवा मुलीला बाजूला घेऊन "कसं चाललंय?" असं विचारलं, तर उत्तर येतं, "तसं सगळं नीट आहे, पण..." आणि त्या 'पण'नंतर बराच वेळ बोलणं चालतं.

"मोठ्या कंपनीत एवढं चालायचंच" असं म्हणून आपण ही सगळी दुखणी एकाच गाठोड्यात बांधतो. ते बरोबर नाही. त्यांतली काही कंपनीच्या आकारामुळे येतातच. काही मात्र व्यवस्थापनाने स्वतःच्या सोयीसाठी ठेवलेली आहेत आणि ठरवलं तर ती जाऊ शकतात. हा फरक कर्मचाऱ्यांनी आणि कंपनी चालवणाऱ्यांनी ओळखायला हवा.

नावाचं वजन, नियमांचा आधार

मोठ्या कंपनीवरचा विश्वास उगाच आलेला नाही. जमशेदजी टाटांची नागपुरातली एम्प्रेस मिल १८७७ मध्ये सुरू झाली. तिथे १८८६ मध्ये पेन्शन फंड आला आणि १८९५ मध्ये अपघातात जखमी होणाऱ्या कामगारांसाठी भरपाई. जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात १९१२ मध्ये आठ तासांचा दिवस लागू झाला. कायद्याला तिथवर पोचायला आणखी तीन दशकांहून अधिक काळ लागला. पुढे पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यात कंपनीची बस, सवलतीचं कॅन्टीन, कर्मचाऱ्यांची पतसंस्था आणि दिवाळीचा बोनस यांच्या जोरावर हजारो कुटुंबांनी घरं घेतली, मुलं शिकवली.

आजचा कर्मचारीही सर्वात आधी हेच सांगतो की पगार ठरलेल्या तारखेला खात्यात पडतो. छोट्या फर्ममध्ये "पुढच्या आठवड्यात बघू" ऐकत ज्याने महिने काढलेत, त्यालाच याची खरी किंमत कळते.

दुसरी गोष्ट विम्याची. वडिलांना मधुमेह आणि रक्तदाब आहे, असं समजा. त्यांच्यासाठी वेगळी पॉलिसी घ्यायला गेलं तर आधीपासून असलेल्या आजारांना प्रतीक्षा काळ लागतो. विमा नियामकाने २०२४ मध्ये त्याची कमाल मर्यादा चार वर्षांवरून तीनवर आणली, पण आजार काही तीन वर्षं थांबत नाही. मोठ्या कंपनीच्या गटविम्यात आई-वडिलांना घेता येत असेल, तर हे आजार बहुतेक वेळा पहिल्या दिवसापासून धरले जातात. मध्यरात्री वडिलांच्या छातीत कळ आली, तर रुग्णालयाच्या खिडकीवर अनामत रकमेसाठी फोनाफोनी न करता मुलगी विम्याचं कार्ड पुढे करते आणि वडिलांना आत नेतात. या एका गोष्टीसाठी कित्येक जण बाकीचं सगळं सोसून नोकरीत टिकून राहतात.

स्त्रियांसाठी तर नियमांचा आधार फारच मोलाचा. २०१७ च्या दुरुस्तीनंतर २६ आठवड्यांची प्रसूती रजा आणि पन्नास किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे पाळणाघर बंधनकारक झालं. लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने दहा किंवा अधिक कर्मचाऱ्यांच्या ठिकाणी अंतर्गत समिती सक्तीची केली. छोट्या ठिकाणी हे अनेकदा कागदावरच राहतं. मोठ्या कंपनीत निदान समिती असते, तिच्या सदस्यांची नावं भिंतीवर असतात आणि तक्रार लेखी नोंदवता येते.

शिवाय शिकायला मिळतं. परभणी किंवा धाराशिवच्या महाविद्यालयातून निघालेला इंजिनिअर इन्फोसिसच्या म्हैसूरच्या प्रशिक्षण केंद्रात जातो, देशभरातल्या मुलांबरोबर राहतो, वर्षभरात परदेशी ग्राहकाशी बिचकल्याशिवाय बोलू लागतो. हे त्याला गावाकडे कोणी दिलं नसतं.

आकाराबरोबर येणारं दुखणं

ज्या नियमांमुळे पगार वेळेवर होतो, त्याच नियमांमुळे साधा माऊस बदलायलाही 'तिकीट' टाकून मंजुरीची वाट पाहावी लागते. हजारो माणसांचा व्यवहार तोंडी चालत नाही, त्यामुळे हे अटळ आहे. कामाचे तुकडे होणंही अटळ. कुठल्याशा परदेशी बँकेच्या सॉफ्टवेअरमधल्या एकाच पानावर कोणी दोन वर्षं काम करतो, आणि आपण नक्की काय उभारलं हे त्याला आईला समजावून सांगता येत नाही. निर्णय लांब कुठेतरी होतात आणि आपल्यापर्यंत ई-मेल येतो. हे टोचतं, पण विभागप्रमुखाने महिन्यातून एकदा समोर बसून "हे का केलं" एवढं सांगितलं, तरी त्याची धार बरीच कमी होते.

सोयीसाठी ठेवलेलं दुखणं

आता गाठोड्याचा दुसरा भाग. कर्मचाऱ्यांच्या बोलण्यात सर्वात कडवटपणे येणारा शब्द म्हणजे 'बेल कर्व्ह'. दहा जणांच्या टीमने वर्षभर चांगलं काम केलं, तरी वरची श्रेणी दोघांनाच द्यायची आणि एकाला तळाला टाकायचंच, असा हा हिशेब. अप्रेझलच्या बैठकीत मॅनेजर नजर चुकवत म्हणतो, "तुझं काम उत्तम आहे रे, पण बँडमध्ये बसवता आलं नाही." तळाचे दहा टक्के दरवर्षी वेगळे काढण्याची ही पद्धत जनरल इलेक्ट्रिकच्या जॅक वेल्च यांनी गाजवली. ती कंपनीच्या आकारामुळे अपरिहार्य असती, तर मायक्रोसॉफ्टने २०१३ मध्ये तशी सक्तीची क्रमवारी बंद केली नसती आणि इन्फोसिसने २०१५ मध्ये तिला रजा दिली नसती. या दोन्ही काही छोट्या कंपन्या नव्हेत.

तीच गोष्ट नव्वद दिवसांच्या नोटीस पिरियडची. कर्मचाऱ्याला नवी नोकरी मिळाली की नवी कंपनी महिनाभरात हजर व्हा म्हणते आणि जुनी तीन महिने सोडत नाही. कंपनीला मात्र नको असलेल्या माणसाला नोटीशीच्या काळाचे पैसे हातावर ठेवून त्याच दिवशी बाहेर काढता येतं.

पगाराचंही तसंच. आयटी कंपन्यांत नव्याने भरती होणाऱ्या बहुसंख्य इंजिनिअरांचं वार्षिक पॅकेज दशकभर साडेतीन लाखांच्या आसपास रेंगाळलं आहे. या काळात वाकडमधलं घरभाडं आणि मेसचा डबा कुठल्या कुठे गेला. त्यातही या पॅकेजमध्ये, म्हणजे सीटीसीत, अनेकदा कंपनीने भरायच्या भविष्यनिर्वाह निधीचा वाटा मोजलेला असतो, त्यामुळे हातात येणारा आकडा पाहून घरच्यांना पहिला धक्का पहिल्याच महिन्यात बसतो.

वेळेचा प्रश्न तर आता दिवाणखान्यात आला आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये इन्फोसिसचे सहसंस्थापक नारायण मूर्ती यांनी तरुणांना आठवड्याला सत्तर तास काम करायला सांगितलं. जानेवारी २०२५ मध्ये लार्सन अँड टुब्रोचे अध्यक्ष एस. एन. सुब्रह्मण्यन यांचं नव्वद तासांचं विधान गाजलं. या दोन विधानांच्या मधे, २०२४ मध्ये, पुण्यात एका बड्या लेखा संस्थेत काम करणाऱ्या २६ वर्षांच्या सनदी लेखापाल मुलीचा मृत्यू झाला आणि कामाच्या ताणाबद्दल तिच्या आईने लिहिलेल्या पत्राने देश हलला. हिंजवडीच्या कोंडीत रोज जाणारे तास कोणाच्याच हिशेबात नाहीत. शिवाजीनगरला जोडणाऱ्या मेट्रोचं भूमिपूजन डिसेंबर २०१८ मध्ये झालं होतं. त्यानंतरची कितीतरी वर्षं इथल्या माणसाने रस्त्यावरच काढली.

आश्वासनालाच तडा

हे सगळं माणूस सोसत आला ते एका आश्वासनावर: इथे नोकरी टिकते. आता त्यालाच तडा गेला आहे. तेव्हा सहा लाखांहून अधिक कर्मचारी असलेल्या टीसीएसने जून २०२५ मध्ये वर्षात किमान २२५ दिवस ग्राहकाच्या कामावर असण्याची आणि बेंचवर, म्हणजे ग्राहकाच्या कामाविना, ३५ दिवसांपेक्षा जास्त न राहण्याची अट आणली. पुढच्याच महिन्यात सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांच्या वर माणसं कमी करण्याचं जाहीर केलं. त्यांत भर मधल्या आणि वरच्या फळीवर होता. म्हणजे चाळिशी-पंचेचाळिशीतली, गृहकर्ज चालू आणि मुलं दहावी-बारावीत असलेली माणसं. धंद्याची दिशा बदलते हे मान्य. पण वीस वर्षं दिलेल्या माणसाला नवं कौशल्य शिकायला पुरेसा वेळ देणं हे उपकार नव्हेत, ते कंपनीचं कर्तव्य आहे.

मोठ्या कंपनीत निघालेल्या तरुणांना एवढंच सांगणं: कंपनीच्या नावाबरोबर तुमची टीम आणि तुमचा वरिष्ठ कोण, हेही विचारा. एकाच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर माणसं सातला घरी जातात आणि पाचव्या मजल्यावर रात्री दहाला दिवे जळत असतात. हातात येणारा पगार, नोटीशीच्या अटी, विम्यात आई-वडील आहेत की नाहीत, हे नियुक्तिपत्रावर सही करण्याआधी वाचून घ्या. तिथल्या शिकण्याचा पुरेपूर फायदा घ्या, पण सगळा संसार एकाच कंपनीच्या भरवशावर उभा करू नका.

आणि कंपनी चालवणाऱ्यांनी मंजुऱ्या, तिकिटं, नियम खुशाल ठेवावेत. कर्मचारी ते समजून घेतो, कारण त्याच नियमांनी त्याच्या घरात स्थैर्य आणलं आहे. त्याची मागणी एवढीच आहे की नियमाने दोन्ही बाजूंना बांधावं. नोकरी सोडताना त्याच्यासाठी नव्वद दिवस असतील, तर त्याला काढताना कंपनीसाठीही नव्वद दिवस असलेच पाहिजेत.