विश्लेषण : मॉनिटर ‘फोर-के’, तरी चित्र अडखळते… दोष केबलचा, पोर्टचा की सेटिंगचा?

डोंबिवलीतल्या घरी बसून ऐरोलीच्या कार्यालयाचे काम करायचे म्हणून २७ इंची ‘फोर-के’ मॉनिटर घेतला जातो. टीव्हीमागे पडून असलेली जुनी केबल त्याला जोडली जाते. चित्र दिसते, पण माउसचा बाण तुटक सरकतो आणि पान वर-खाली करताना अक्षरे थरथरतात. मॉनिटर खराब निघाला असे समजून तो परत पाठवण्याची तयारी सुरू होते. प्रत्यक्षात अनेकदा मॉनिटरही ठीक असतो आणि लॅपटॉपही. अडचण असते ती दोघांना जोडणाऱ्या दुव्यात. व्हीजीए, एचडीएमआय, डिस्प्लेपोर्ट, यूएसबी-सी या जोडण्यांमध्ये नेमका फरक काय आणि खिशाला चाट बसण्याआधी काय तपासावे, याविषयी…

घरोघरी दुसरा पडदा का आला?

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागू झाली आणि उपनगरी लोकल सामान्य प्रवाशांसाठी बंद झाली. ठाणे, डोंबिवली, कल्याणहून रोज ऐरोली, पवई, वांद्रे-कुर्ला संकुल गाठणाऱ्यांचे जेवणाचे टेबल हेच कार्यालय झाले. पुढे लोकल पूर्ववत झाली, तरी अनेक आस्थापनांनी आठवड्यातील काही दिवस घरून काम करण्याची सवलत कायम ठेवली. लॅपटॉपच्या छोट्या पडद्यावर आठ-दहा तास काढणे मानेला आणि डोळ्यांना झेपत नाही. त्यामुळे मॉनिटर ही अनेक घरांची गरज बनली. मॉनिटर निवडताना आकार, किंमत, कंपनी यांची तुलना होते. केबलकडे मात्र ‘कुठलीही चालेल’ अशाच नजरेने पाहिले जाते.

एका पडद्याला किती माहिती लागते?

पडद्यावरचे चित्र म्हणजे ठिपक्यांची, अर्थात पिक्सेलची रांगोळी. फुल एचडी पडद्यावर १९२० गुणिले १०८० म्हणजे सुमारे २०.७ लाख ठिपके असतात. ‘फोर-के’ पडद्यावर ३८४० गुणिले २१६० म्हणजे सुमारे ८२.९ लाख, बरोबर चौपट. प्रत्येक ठिपक्याचा रंग सांगण्यासाठी साधारणपणे २४ बिट लागतात आणि हे संपूर्ण चित्र सेकंदाला ६० वेळा नव्याने पाठवावे लागते. या ‘किती वेळा’ला रिफ्रेश रेट म्हणतात आणि तो हर्ट्झमध्ये मोजतात.

गुणाकार केला तर फोर-के चित्राला ६० हर्ट्झवर सेकंदाला सुमारे १२ गिगाबिट माहिती लागते. फुल एचडीला तेवढ्याच वेगाने जेमतेम ३ गिगाबिट पुरतात. दुव्याची क्षमता कमी पडली, तर संगणक स्वतःहून तडजोड करतो. तो ६० ऐवजी ३० हर्ट्झवर उतरतो, स्पष्टता कमी करतो किंवा रंगांची माहिती कापतो. माउसचा बाण अडखळणे हे पहिल्या तडजोडीचे लक्षण. अक्षरांच्या कडा रंगीत, धूसर दिसणे हे तिसऱ्या तडजोडीचे.

व्हीजीए आणि डीव्हीआय कालबाह्य झाले का?

दोन स्क्रूंनी आवळायची, १५ पिनांची, बहुधा निळ्या तोंडाची केबल म्हणजे व्हीजीए. आयबीएमने १९८७ मध्ये ‘पीएस/२’ संगणकांसोबत ती आणली. तिच्यातून जाणारा संदेश अ‍ॅनालॉग असतो. त्यामुळे केबल लांब किंवा हलक्या दर्जाची असेल तर चित्र अंधूक होते, अक्षरांना सावली दिसते. आवाजही या केबलमधून जात नाही. इंटेल, एएमडी, डेल, लेनोव्हो, सॅमसंग आणि एलजी यांनी डिसेंबर २०१० मध्येच व्हीजीएला टप्प्याटप्प्याने निरोप देण्याचे जाहीर केले होते. तरीही जुन्या प्रोजेक्टरला आणि शाळा-महाविद्यालयांतील जुन्या संगणकांना ती अजून दिसते. फुल एचडीपर्यंतच्या साध्या कामाला ती चालते, मात्र नव्या खरेदीसाठी तिचा विचार करण्याचे कारण नाही.

१९९९ मध्ये आलेली डीव्हीआय ही डिजिटल युगाची सुरुवात होती. साधी ‘सिंगल लिंक’ डीव्हीआय १९२० गुणिले १२०० पर्यंत, तर ‘ड्युअल लिंक’ २५६० गुणिले १६०० पर्यंतचे चित्र ६० हर्ट्झवर देते. जुना मॉनिटर वापरात असेल तर ती पुरेशी आहे. फोर-केसाठी तिचा उपयोग नाही.

एचडीएमआय नाव एकच, मग वेग वेगळे कसे?

एचडीएमआयचे पहिले मानक डिसेंबर २००२ मध्ये आले. सोनी, पॅनासोनिक, फिलिप्स, तोशिबा, हिताची अशा टीव्ही आणि गृहोपयोगी उपकरणांच्या कंपन्या त्यामागे होत्या. चित्र आणि आवाज एकाच केबलमधून नेणे ही तिची मोठी सोय. तोंडाचा आकार तेव्हापासून तोच राहिला, क्षमता मात्र बदलत गेली. २००९ च्या १.४ आवृत्तीची क्षमता सेकंदाला १०.२ गिगाबिट होती, २०१३ च्या २.० ची १८, तर २०१७ च्या २.१ ची ४८ गिगाबिट. २०२५ मध्ये जाहीर झालेल्या २.२ आवृत्तीने ती ९६ गिगाबिटवर नेली.

अडखळणाऱ्या बाणाचे कोडे इथेच सुटते. १.४ आवृत्तीच्या १०.२ गिगाबिटपैकी प्रत्यक्ष चित्रासाठी सुमारे ८ गिगाबिटच उरतात. १२ गिगाबिटचे चित्र त्यात बसत नाही, म्हणून फोर-के ३० हर्ट्झवर अडकते. ही मर्यादा केबलचीच असते असे नाही. लॅपटॉपचा पोर्ट १.४ चा असेल, तर कितीही भारी केबल घेतली तरी फरक पडत नाही.

केबलवर आवृत्तीचा क्रमांक पाहून ती घेणेही फसवे आहे. एचडीएमआयच्या परवाना संस्थेने केबलची ओळख आवृत्तीने नव्हे, तर वर्गाने ठरवली आहे. ‘हाय स्पीड’, ‘प्रीमियम हाय स्पीड’ आणि ‘अल्ट्रा हाय स्पीड’ हे ते वर्ग. यांपैकी प्रीमियम केबल १८ गिगाबिटसाठी, तर अल्ट्रा केबल ४८ गिगाबिटसाठी तपासलेली असते. या दोन वर्गांच्या प्रमाणित केबलच्या खोक्यावर स्कॅन करता येणारे लेबल असते. दुकानात उभ्या उभ्या फोनवरून ते पडताळता येते.

डिस्प्लेपोर्टमध्ये वेगळे काय?

एचडीएमआय टीव्हीच्या घरातून आली, तर डिस्प्लेपोर्ट संगणकाच्या. व्हेसा या मानक-संस्थेने ती २००६ मध्ये आणली. तोंडाचा एक कोपरा तिरका कापलेला असतो आणि अनेक केबलना खटका असतो. काढताना तो दाबावा लागतो. ओढाताण केल्यास पोर्ट तुटू शकतो. २०१० च्या १.२ आवृत्तीची क्षमता २१.६ गिगाबिट होती, म्हणजे एचडीएमआय फोर-केला ३० हर्ट्झवर अडकलेली असतानाच डिस्प्लेपोर्ट ६० हर्ट्झ देत होती. २०१६ च्या १.४ आवृत्तीत ती ३२.४, तर २०१९ च्या २.० आणि २०२२ च्या २.१ मध्ये ८० गिगाबिट झाली.

एका मॉनिटरमधून दुसऱ्या मॉनिटरला साखळीने जोडण्याची सोयही तिच्यात आहे. त्यासाठी पहिल्या मॉनिटरला ‘डिस्प्लेपोर्ट आउट’ असावा लागतो. अ‍ॅपलच्या मॅकवर मात्र या पद्धतीने दोन वेगवेगळे पडदे मिळत नाहीत. १४४ हर्ट्झ किंवा त्याहून वेगवान गेमिंग मॉनिटर असेल आणि डेस्कटॉपमध्ये वेगळे ग्राफिक्स कार्ड असेल, तर डिस्प्लेपोर्ट ही पहिली पसंती ठरते. केबल मात्र ग्राफिक्स कार्डलाच लावायला हवी. ती मदरबोर्डच्या पोर्टला लावल्यास महागडे कार्ड असूनही त्याचा पुरेपूर उपयोग होत नाही.

यूएसबी-सीचे तोंड सारखे, काम वेगळे का?

सर्वाधिक गोंधळ इथे होतो. यूएसबी-सी हे २०१४ मध्ये आलेल्या जोडणीच्या आकाराचे नाव आहे. आतून काय वाहते, हे त्यावरून कळत नाही. काही पोर्ट फक्त चार्जिंग आणि साधी माहिती नेतात, काही त्यासोबत चित्रही. चित्र नेण्याच्या सोयीला ‘डिस्प्लेपोर्ट ऑल्ट मोड’ म्हणतात. पोर्टशेजारी डिस्प्लेपोर्टचे चिन्ह किंवा थंडरबोल्टचा विजेचा बाण असेल तर चित्र मिळते. चिन्ह नसेल तर मॉडेल क्रमांकावरून कंपनीच्या संकेतस्थळावर तपशील पाहावा. फोनसोबत मिळणारी चार्जिंगची केबल तर अनेकदा चित्र नेतच नाही. फोन मॉनिटरला जोडू पाहणाऱ्यांनाही हेच लागू. आयफोन १५ सारखे काही फोन चित्र देतात, पण अनेक स्वस्त फोनमध्ये ही सोय नसते.

चित्र नेणाऱ्या यूएसबी-सी मॉनिटरचा फायदा मोठा आहे. चित्र, आवाज, कीबोर्ड-माउस आणि लॅपटॉपचे चार्जिंग एकाच केबलवर होते. मात्र या केबलमधल्या वेगवान मार्गिका चारच असतात. ठाणे-दिवा पट्ट्यात पूर्वी मेल-एक्स्प्रेस आणि जलद लोकलना त्याच रुळांवरून जावे लागे. १८ फेब्रुवारी २०२२ रोजी पाचवी-सहावी मार्गिका सुरू झाल्यावर त्यांची वाट वेगळी झाली. यूएसबी-सीत अशी जादा मार्गिका टाकता येत नाही. मॉनिटर किंवा डॉकला वेगवान यूएसबीही हवी असेल, तर दोन मार्गिका तिला जातात आणि चित्राला दोनच उरतात. डिस्प्लेपोर्ट १.२ वर चालणाऱ्या जुन्या लॅपटॉपवर अशा वेळी फोर-के पुन्हा ३० हर्ट्झवर येते. काही मॉनिटरच्या मेनूत यूएसबीचा वेग कमी करून चारही मार्गिका चित्राला देण्याचा पर्याय असतो. घरी बसून कागदपत्रांचे काम करणाऱ्यासाठी तो सोयीचा ठरतो.

कन्व्हर्टरने काम भागते का?

भागते, पण कन्व्हर्टर ही अनेकदा एकेरी वाहतूक असते. लॅपटॉपला डिस्प्लेपोर्ट आणि मॉनिटरला एचडीएमआय असेल, तर साधी केबल सहसा चालते. उलट्या दिशेने, म्हणजे लॅपटॉपचा एचडीएमआय आणि मॉनिटरचा डिस्प्लेपोर्ट असेल, तर तीच केबल चालत नाही. त्यासाठी आत चिप असलेला, बहुधा यूएसबीवरून वीज घेणारा ‘अ‍ॅक्टिव्ह’ कन्व्हर्टर लागतो. दुकानात केवळ ‘डिस्प्लेपोर्ट टू एचडीएमआय द्या’ न म्हणता कुठून कुठे जायचे आहे, ते सांगावे. कन्व्हर्टरची स्वतःची मर्यादाही पाहावी. त्यावर ‘फोर-के ३० हर्ट्झ’ लिहिले असेल, तर पुढेमागे कितीही चांगली साधने असली तरी तेवढेच मिळेल.

महाग केबल म्हणजे चांगले चित्र?

नाही. डिजिटल केबलमधून चित्र एक तर नीट पोहोचते किंवा ते मध्येच काळे पडते, ठिपके चमकतात. सोन्याच्या मुलाम्याने गंज टळतो, रंग खुलत नाहीत. लांबीचा परिणाम मात्र खरा आहे. जास्त क्षमतेच्या साध्या तांब्याच्या केबल सुमारे ३ मीटरपर्यंत भरवशाच्या असतात. त्यापुढे ऑप्टिकल किंवा अ‍ॅक्टिव्ह केबल लागते आणि तिची संगणकाची व मॉनिटरची टोके ठरलेली असतात. ती उलटी जोडल्यास चित्र येत नाही. घराचे इंटिरियर करताना भिंतीत केबल गाडणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे. केबल थेट प्लास्टरमध्ये न दाबता रुंद पाइपातून नेल्यास उद्या ती बदलताना भिंत फोडावी लागणार नाही.

खरेदीपूर्वी काय तपासावे?

लॅपटॉपचा पोर्ट, केबल आणि मॉनिटरचा पोर्ट या तिघांपैकी ज्याची क्षमता सर्वांत कमी, तेवढेच चित्र मिळते. म्हणून आधी लॅपटॉपच्या मॉडेल क्रमांकावरून त्याच्या पोर्टची कमाल क्षमता पाहावी, मगच मॉनिटर निवडावा. कार्यालयाने दिलेल्या लॅपटॉपला एचडीएमआय १.४ च असेल, तर फोर-केऐवजी २५६० गुणिले १४४० चा मॉनिटर घेतल्यास तो त्याच पोर्टवर ६० हर्ट्झ देऊ शकतो आणि पैसेही वाचतात. मात्र लॅपटॉप आणि मॉनिटर दोन्ही त्या पोर्टवर ही स्पष्टता देतात, याची खात्री तपशिलातून करून घ्यावी.

जोडणीनंतर विंडोजमध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले आणि अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्ले या क्रमाने जाऊन रिफ्रेश रेट पाहावा. क्षमता असूनही तिथे ३० निवडलेले असू शकते. मॉनिटरच्या स्वतःच्या मेनूतही पोर्टची आवृत्ती जुनीच ठेवलेली असण्याची शक्यता असते. मॉनिटरच्या खोक्यात आलेली केबल आधी वापरून पाहावी. ती त्या मॉनिटरसाठी दिलेली असते.

फसगत झाली तर?

ठाण्याच्या गोखले रोडपासून डोंबिवली-कल्याणच्या स्थानक परिसरापर्यंत सुट्या केबल सहज मिळतात. वेष्टनबंद वस्तूंच्या २०११ च्या नियमांनुसार खोक्यावर उत्पादक, आवेष्टक किंवा आयातदाराचे नाव-पत्ता, कमाल किरकोळ किंमत आणि ग्राहक संपर्काचा तपशील असणे बंधनकारक आहे. तो नसलेली केबल टाळावी आणि पावतीवर क्षमता लिहून घ्यावी. दाव्याप्रमाणे वस्तू चालली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार करता येते. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार ग्राहकाला आपल्या राहत्या ठिकाणच्या जिल्हा आयोगाकडे दाद मागता येते. विक्रेता दिल्ली-बंगळूरुचा असला, तरी डोंबिवलीकराला ठाणे जिल्ह्यातच तक्रार नोंदवता येते. अर्थात पावती, खोके आणि रिफ्रेश रेट दाखवणारा स्क्रीनशॉट जपून ठेवला, तरच ती तक्रार टिकते.