झोत दुभंगतो, फोटॉन नाही

बीम स्प्लिटर करतो काय, असे विचारले की उत्तर ठरलेले असते: प्रकाशाचे दोन तुकडे. झोतापुरते हे चालून जाते. दोन त्रिकोणी लोलक चिकटवून केलेल्या काचेच्या घनात, कर्णावरच्या पातळ लेपावर लेसर पडला की निम्मा प्रकाश सरळ पार जातो आणि निम्मा काटकोनात वळतो. (लेप धातूचा असेल तर थोडा प्रकाश तोच गिळतो, म्हणजे ‘निम्मा’ही कागदावरचाच.) पण हेच चित्र एकेकट्या फोटॉनला लावले की घोटाळा होतो. फोटॉनची ऊर्जा अर्धी झाली तर तरंगलांबी दुप्पट होणार. मग हेलियम-निऑन लेसरचा ६३३ नॅनोमीटरचा लाल झोत १२६६ नॅनोमीटरचा, डोळ्यांना न दिसणारा अवरक्त होऊन बाहेर पडायला हवा. तो तर लालच राहतो. फ्रान्समध्ये ग्रँजिए, रोजे आणि आस्पे यांनी १९८६ साली सुटे फोटॉन बीम स्प्लिटरवर सोडून दोन्ही वाटांवर डिटेक्टर ठेवले. दोन्ही एकदम वाजण्याचे प्रसंग, फोटॉनचे तुकडे होत असते तर जितके यायला हवे होते, त्याहून फारच कमी आले.

मग फोटॉन नाणेफेक केल्यासारखा एकच वाट धरतो, असे का म्हणू नये? आक्षेप रास्त आहे, पण त्याच तिघांनी तोही निकालात काढला. दोन्ही वाटा दुसऱ्या बीम स्प्लिटरवर एकत्र आणल्यावर, एका वाटेची लांबी किंचित बदलली तरी बाहेरची फोटॉनसंख्या चढू-उतरू लागली. फोटॉन एकाच वाटेने गेला असता तर दुसऱ्या वाटेच्या लांबीशी त्याला काय देणेघेणे? तेव्हा वाटला जातो तो तरंग, म्हणजे फोटॉन कुठे सापडेल याची शक्यता; सापडतो मात्र अख्खा फोटॉन.

राहिला तिसरा गैरसमज: दोन वाटांचा प्रकाश असा पुन्हा एकत्र आणणाऱ्या यंत्राच्या, म्हणजे इंटरफेरोमीटरच्या, एका तोंडाशी अंधार झाला की प्रकाश नष्ट झाला. तो दुसऱ्या तोंडाने बाहेर पडतो. गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या अमेरिकेतील लायगो या इंटरफेरोमीटरमध्ये बाहेरचे तोंड जवळजवळ काळोखे ठेवतात आणि लेसरकडे परतणारा प्रकाश त्याच्यासमोरच्या आरशाने पुन्हा आत ढकलतात. नष्ट झालेल्या प्रकाशाचे असे काही करता आले नसते. हिंगोली जिल्ह्यात औंढ्याजवळ होणाऱ्या लायगो-इंडियाला २०२३ साली केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली. तिथेही ४ किलोमीटरच्या दोन भुजा जिथे मिळतील, त्या कोपऱ्यात बीम स्प्लिटरच असेल.